भाच्याने जुन्या पोस्टी पुसाव्यात की तशाच ठेवाव्यात?

सत्तरीचा मामा

माझा भाचा तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, व्हायला निघालाय. जहाजावर लागणारे एसटीसीडब्ल्यूचे कोर्स झाले, सीडीसी म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक हातात आलं, क्रूझच्या गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, काम ठरलं. आता अमेरिकेचा सी-१/डी, म्हणजे जहाजावरच्या कर्मचाऱ्यांचा व्हिसा. त्याच्या डीएस-१६० या अर्जाच्या फॉर्ममध्ये २०१९ पासून एक रकाना वाढलाय: गेल्या पाच वर्षांत सोशल मीडियावर वापरलेल्या खात्यांची नावं. रविवारी फॉर्म भरायला बसलो आणि त्या रकान्याशी येऊन पोराचा चेहरा पडला.

कारण असं. तीन वर्षांपूर्वी वाड्यावरच्या व्हाळात (ओढ्यात), पुलाखाली, एक माणूस वाकून प्लास्टिकच्या पिशव्या हलवताना त्याला दिसला. स्कूटरवर बसल्या-बसल्या अकरा सेकंदांचा व्हिडिओ काढला आणि वर लिहिलं, "घाटी येतात आणि आमचा व्हाळ घाण करतात." पुढचे शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. तो माणूस तिठ्यावर पातळभाजी-पावाचा गाडा लावतो. पावसात व्हाळ तुंबून पाणी गाड्यापर्यंत येतं, म्हणून तो पिशव्या बाहेर काढत होता! हे दोन दिवसांनी कळलं, तोवर व्हिडिओ चार गावं फिरून आला होता. गाडा महिनाभर बंद राहिला. भाच्याने ना पोस्ट काढून टाकली, ना खुलासा केला.

बहीण म्हणते, सगळं पुसून कोरं खातं दाखव. मी म्हणतो, पुसायचं नाही. त्याच पोस्टखाली, स्वतःच्या नावाने लिहायचं की मी चुकलो. नाव खराब जिथे झालं, तिथेच ते धुवायला हवं. तुमचं काय म्हणणं?

म्हापसेकर

मामा, तुमचं मन मोठं, पण व्हिसा तुम्हाला काढायचा नाहीये. मुंबईच्या खिडकीवर बसलेला साहेब तुमच्या भाच्याचा पश्चात्ताप वाचत बसणार नाही. पुसा. मात्र खातं लपवू नका. फॉर्मवर खोटं लिहिलेलं सापडलं तर जुन्या पोस्टीपेक्षा तेच जड जातं.

मी हॉटेलांत भरतीचं काम बरीच वर्षं केलं. उमेदवाराचं नाव टाकून शोधायचं ही आमची रोजची सवय. गोव्यात एकेका नावाचे किती नाईक आणि किती गावकर! एकदा एका पोराला आम्ही मागे ठेवलं आणि नंतर कळलं की ती शिवराळ पोस्ट त्याच्याच नावाच्या, दुसऱ्या तालुक्यातल्या कुणाची तरी होती. त्याला कुणी कळवलंही नाही. मीही नाही. म्हणून पोरांना सांगतो, स्वतःचा फोटो, गाव, शिक्षण, केलेलं काम असं काहीतरी समोर राहू द्या. नाहीतर तुमची ओळख दुसराच कुणी ठरवतो.

रेंदेराचा नातू

दोघांशीही असहमत. ही 'प्रतिमा घडवा' भानगडच मुळात ढोंग शिकवते. पोरगं आता झाडं लावतानाचे फोटो टाकणार, गणपतीत निर्माल्य गोळा करतानाचे टाकणार आणि मनातून तेच 'घाटी' म्हणत राहणार. पूर्वी तिठ्यावर चार लोक नावं ठेवायचे, आता वकिलातीत ठेवतात. फरक काय?

आणि प्रतिमेचा ध्यास मोठ्यांना तरी कुठे पेलतो? २०२४ च्या नोव्हेंबरात एका उद्योजकाने गोव्यातले विदेशी पर्यटक घटल्याचे आकडे टाकले. आकडे दिशाभूल करणारे आहेत म्हणून पर्यटन खात्याने थेट पोलिसांत तक्रार केली. अरे, चुकीचे तर चुकीचे, आपले खरे आकडे मांडा ना! २०१९ पेक्षा संख्या कमी होती, हे तर कुणीच नाकारत नव्हतं. त्या तक्रारीने मूळ पोस्ट जितकी गाजली तितकी ती एरवी गाजली नसती.

काणकोणची ताई

रेंदेराचा नातू, सगळंच ढोंग नसतं हो. माझ्या तीन खोल्या आहेत, होमस्टे. मागच्या सीझनला एका पाहुण्याने निघताना सांगितलं, हजार रुपये कमी करा, नाहीतर एक स्टार देतो. मी नाही म्हटलं आणि त्याने खरंच दिला. वर लिहिलं की पाणी नव्हतं. पाणी एक सकाळ नव्हतंच, पंप बिघडला होता. मी खाली तेवढंच लिहिलं: त्या दिवशी साडेनऊपर्यंत पाणी नव्हतं, पंप बदलला, माफ करा. पैशांचा विषय काढला नाही. जावेचा मुलगा म्हणाला, काकी, मी वीस जणांकडून पाच-पाच स्टार टाकून घेतो. नको म्हटलं. २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ग्राहक-अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढलंय, लिहिणारा खरा आहे याची पडताळणी करा म्हणून. काढलं तेव्हा पाळणं ऐच्छिक होतं, पण मानक नसतं तरी मी नकोच म्हटलं असतं. आता येणारे पाहुणे तो एक स्टार आणि माझं उत्तर वाचून येतात. येऊन पहिल्यांदा पंप बघतात, तो भाग वेगळा.

म्हणून मी मामांच्या बाजूने.

फोंड्याचा मास्तर

ताई, तुमचं उत्तर चांगलंच आहे. पण तुमच्या बाबतीत बोट तुमच्याकडे होतं. इथे ते गाडेवाल्याकडे आहे, आणि त्याचा या अख्ख्या चर्चेत कुणी विचारच केलेला नाही. मामा, तुम्ही म्हणता पोस्ट ठेवा. म्हणजे व्हिडिओत वाकलेला तो माणूस कायमचा तसाच ठेवायचा, का तर तुमच्या भाच्याचा प्रामाणिकपणा दिसावा म्हणून? माफी खाली प्रतिक्रियांत राहील, व्हिडिओ वर चालू राहील. लोक वरचं बघतात.

कायद्याचंही सांगतो. पोरांचा समज असा, की २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयटी कायद्यातलं, ऑनलाइन मजकुरावरून शिक्षा देणारं ६६-अ कलम रद्द केलं म्हणजे रान मोकळं. अब्रुनुकसानी अजूनही गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं ३५६ कलम, दोन वर्षांपर्यंत कैद. गाडेवाला कोर्टात गेला नाही, कारण त्याला रोज सकाळी सहाला पाव घ्यायचे असतात.

व्हिडिओ काढून टाका. वेगळी पोस्ट लिहा, त्याच्या चेहऱ्याशिवाय. आणि ती टाकण्याआधी त्याला विचारा, की पुन्हा हा विषय काढलेला त्याला चालेल का.

सत्तरीचा मामा

मास्तर, इथे मी चुकलो. पोस्ट ठेवण्याचा आग्रह मागे घेतो.

पण घोळ निराळाच झाला. ते खातं उघडतच नाहीये. जुनं सिम हरवलं, पासवर्ड आठवत नाही, ईमेल कॉलेजातल्या मित्राने काढून दिलेला. फॉर्मच्या रकान्यात ते नाव घातलं, कारण म्हापसेकर म्हणतात ते पटलं. व्हिडिओ अजून तिथेच आहे. भाच्याने आणि मी दोघांनी आपापल्या खात्यांवरून तो काढण्यासाठी रिपोर्ट केलाय. काल उत्तर आलं, नियमभंग आढळला नाही.

आज सकाळी दोघं गाड्यावर गेलो. गर्दी होती. गाडेवाल्याने भाच्याला ओळखलं, पण काही बोलला नाही. दोन प्लेटी दिल्या. भाचा म्हणाला, अण्णा, तुमच्याशी बोलायचंय. तो म्हणाला, अकरानंतर या, आता हात रिकामा नाही.

साडेदहा वाजलेत. आम्ही तिठ्यावरच बसलोय.