अनुभव धागा: तुम्हाला कोणी बायबलचं वचन दाखवून सावरलं की झोडपलं?

मांडवीकाठ:
काल ग्रुपवर आजारी ताईंना कोणीतरी 'सर्वदा आनंदित असा' पाठवलं, खाली तीन फुलं, आणि मला 2018 चा मार्च आठवला. गोव्यातल्या खाणी बंद, बाबांचा खनिज वाहायचा ट्रक सांखळीला दारात उभा, बँकेचे हप्ते मात्र चालूच. बाबांनी प्रार्थनेला यायचं सोडलं. एक बंधू आले, चपला काढायच्या आधीच इब्री 10:25, एकत्र जमणं सोडू नका. बाबा हो हो म्हणाले नि आत जाऊन झोपले.

नंतर आमचे पास्टर आले. आधी बँकेची नोटीस चष्मा लावून अख्खी वाचली, हप्ता किती, जामीन कोण, सगळं विचारलं. मग 1 राजे 19 काढला. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागतोय, देवदूत त्याला रागवत नाही, भाकर-पाणी देतो, झोपू देतो, उठवून परत खायला घालतो. 'तू इथे काय करतोस' हा प्रश्न पुढे, होरेब डोंगरावरच्या गुहेत. बाबा म्हणाले, म्हणजे आधी जेवायचं ना, आणि खरंच जेवले!! कान उघाडणी झाली ती नंतरच्या भेटीत. बाबांनी एक उसनवारी आईपासून लपवली होती, त्यावर इफिस 4:25, खोटं टाकून खरं बोला. आईसमोर नाही, मागच्या पडवीत. संध्याकाळी बाबांनी स्वतःच आईला सांगितलं.

तुमचेही लिहा.

कुडचडेकर:
आमचा ट्रक शेवटी भंगारात गेला. वचनं खूप आली, गिऱ्हाईक एकही नाही 😄

रीटा_फोंडा:
आमच्या फ्रिजवर 2 तीमथ्य 3:16 चा स्टिकर आहे, शास्त्र दोष दाखवायला, सुधारायला उपयोगी वगैरे. सासूबाईंचं लाडकं. जरा पुढे 4:2 मध्ये दोष दाखव पण पूर्ण सहनशीलतेने असं लिहिलंय, त्याचा स्टिकर कोणी काढतच नाही. थांबा कुकर झाला

वास्को_बंदर:
बायबलमधल्या दुःखी ईयोबाचं सांत्वन करायला आलेल्या मित्रांना उगाच नावं ठेवतात. सात दिवस सात रात्री जमिनीवर गप्प बसले होते बिचारे, तोंड उघडल्यावर घोटाळा झाला. आमच्या ग्रुपवर सात मिनिटं कोणी गप्प बसून दाखवा.

शेवंती:
बाळंतपणानंतर मला रडूच थांबेना. फेलोशिपमधल्या बायका यशया 41:10 म्हणायला लावायच्या, भिऊ नको भिऊ नको, आणि मला वाटायचं मी भितेय म्हणजे माझा विश्वासच खोटा. एका मावशींनी स्तोत्र 88 वाचून दाखवलं. ते शेवटपर्यंत अंधारातच आहे, स्तुतीची एक ओळ येत नाही, तरी पवित्र शास्त्रात आहे. मला म्हणाल्या, असं रडलेलंही देवाला चालतं गो. आणि दुसऱ्या दिवशी बाळ आपल्या मांडीवर घेऊन माझ्याबरोबर बांबोळीला डॉक्टरकडे आल्या. गोळ्या सुरू झाल्या, झोप लागायला लागली.

मांडवीकाठ:
@शेवंती मावशींना सलाम. आता बरी आहेस ना?

शेवंती:
हो गो, पोरगा शाळेत जातो आता. दप्तर फेकून आताच खेळायला पळाला.

जुनं_म्हापसा:
सगळं गोडीगुलाबीने नको हं. आमच्याकडे एकजण कसिनोच्या बोटीवर पगार उडवायचा, दोन वर्षं सगळे 'प्रार्थना करतोय' म्हणत राहिले आणि बायकोचे दागिने गेले. गलती 6:1 मध्ये सौम्यतेने म्हटलंय, पण ताळ्यावर आणा असंही म्हटलंयच की. शेवटी एका वडीलधाऱ्याने एकट्याला गाठून मत्तय 18 प्रमाणे तोंडावर सांगितलं, आणि पगाराच्या दिवशी स्वतः पणजीला जेटीवर उभा राहायचा, चल घरी म्हणून. माझ्या मते तिथे उभं राहणं नसतं तर ते वचन वाऱ्यावर गेलं असतं.

वास्को_बंदर:
नाथान संदेष्ट्यासारखं. चुकलेल्या दावीद राजाला आधी मेंढीची गोष्ट सांगितली, तो चिडल्यावर 'तो माणूस तूच'. राजाला बोलायचं म्हणजे डोकं लागतं.

जुनं_म्हापसा:
राजाला बोलणारे कमीच. आमच्यात ट्रकवाल्याला सगळे बोलतात, दशांश (चर्चला द्यायचा कमाईचा दहावा भाग) मोठा देणाऱ्याला कोण बोलतो सांगा?

कुडचडेकर:
👆👆👆

सासष्टीची_पोर:
आम्ही कॅथलिक, माझी शाळा मराठी म्हणून इथे वाचत असते. कन्फेशनला (पापकबुलीला) एका पाद्रींनी मला स्तोत्र 51, पश्चात्तापाचं, सावकाश वाचायला सांगितलं, लेक्चर काही नाही. बाहेर बाकावर बसून वाचलं, तोवर पोदेर (पाववाला) निघून गेला, घरी पोई (गव्हाचा पाव) नाही म्हणून ओरडा खाल्ला. तेच पेनान्स, म्हणजे प्रायश्चित्त 😅

वास्को_बंदर:
पोईवरून आठवलं, आमच्याकडचा पोदेर हल्ली येतच नाही

रीटा_फोंडा:
आले परत. १ थेस्सल 5:14 वाचा कोणीतरी मोठ्याने, बेशिस्तांना बोध, भित्र्यांना धीर, अशक्तांना आधार. आमच्याकडे तिघांनाही एकच औषध, बोध! बरं, सासूबाईंसाठी मोठ्या अक्षरातलं पवित्र शास्त्र कुठे मिळेल? फोनवरचं त्यांना नको.

सासष्टीची_पोर:
मराठीतलं आमच्या शेजारी जास्तीचं पडून आहे, विचारते. फक्त नीतिसूत्रांची पानं पोरांनी रंगवलीत.

रीटा_फोंडा:
पळेल. नीतिसूत्रं त्यांना पाठच आहेत, रोज ऐकतो आम्ही.