अनुभव धागा : यानाचे कॅप्टन असताना दिलेला एक हुकूम (प्रत्येक उत्तराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

'एफटीएल : फास्टर दॅन लाइट' हा गेम १४ सप्टेंबर २०१२ ला आला. मी तो २०१३ च्या पावसाळ्यात पहिल्यांदा खेळलो आणि तेव्हापासून तीन लॅपटॉप बदलले, गेम मात्र प्रत्येकावर आहे. मॅथ्यू डेव्हिस आणि जस्टिन मा या दोघांनी शांघायमधल्या स्टुडिओतली नोकरी सोडून तो बनवायला घेतला. किकस्टार्टरवर त्यांनी दहा हजार डॉलर मागितले, लोकांनी दोन लाखांच्या वर दिले. मला या गोष्टीचा अजूनही आनंद होतो.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. यान वरून दिसतं, छप्पर काढलेल्या घरासारखं. खोल्या, दारं, आत हिंडणारी माणसं. बंडखोरांचा ताफा मागे लागलेला आहे आणि आठ सेक्टर, म्हणजे अंतराळाचे आठ टप्पे, पार करून शेवटी त्यांच्या प्रमुख युद्धनौकेशी, फ्लॅगशिपशी गाठ आहे. वीज कधीच पुरत नाही. ढालीच्या एका थराला पॉवरचे दोन बार लागतात, तेच दोन बार इंजिनालाही हवे असतात. स्पेसबार दाबला की सगळं थांबतं आणि मग हुकूम द्यायचे. मेलेलं माणूस सहसा परत येत नाही आणि यान फुटलं की जुना सेव्ह उघडून मागे जाता येत नाही, पुन्हा पहिल्या सेक्टरपासून.

किती वेळा जिंकलात ते नका सांगू. तुम्ही दिलेला एक हुकूम सांगा, जो अजून आठवतो. एफटीएलच हवा असं नाही, यान सांभाळण्याचा कुठलाही गेम चालेल.

माझा सांगतो. केस्ट्रेल यान, आठवा सेक्टर, फ्लॅगशिपशी तिसरी आणि शेवटची फेरी. हल (यानाचं बाहेरचं कवच) तीसपैकी चारवर आलेला. बर्स्ट लेझर मार्क टू हे शस्त्र चालवायला एक बार कमी पडत होता. मी ऑक्सिजनचा बार काढून लेझरला दिला. यानाला दोन ठिकाणी भोकं पडली होती, त्यामुळे हवा भराभर संपली. फ्लॅगशिप फुटली तेव्हा पाचातले दोघे जिवंत होते. गेलेल्या तिघांना मी माझ्या हॉस्टेलच्या खोलीतल्या मित्रांची नावं दिली होती. पडद्यावर विजय दिसत होता आणि मी ती नावं वाचत बसलो होतो. तो हुकूम बरोबर होता असंच मला वाटतं, पण तेव्हापासून मित्रांची नावं देत नाही.

रात्रपाळी

माझ्याकडे कॉलेजात ग्राफिक्स कार्ड नसलेला लॅपटॉप होता. खोलीतले बाकीचे जे खेळायचे ते माझ्याकडे सुरूच व्हायचं नाही. एफटीएल मात्र पहिल्या दिवसापासून सुरळीत चालला, म्हणून मी तो खेळलो. आवडीचा प्रश्न नंतर आला.

माझा हुकूम फ्लॅगशिपवरचाच आहे. मॅन्टिस या परग्रही जातीचे दोघे माझ्याकडे होते. हे लोक मारामारीत वाघ, दुरुस्तीत अगदी मंद. टेलिपोर्टरने त्यांना शत्रूच्या यानात उतरवायचं, एकेक खोली रिकामी करायची, जखमी झाले की परत ओढून मेडबेमध्ये, म्हणजे यानातल्या दवाखान्यात, घालायचं. असं करत करत अख्खी फ्लॅगशिप रिकामी केली. फक्त लेझरच्या खोलीतला एक गडी उरला. पहिल्या वेळी त्यालाही मारला आणि पस्तावलो, कारण शेवटचा माणूस मेला की यानाचा ताबा संगणकाकडे जातो आणि तो स्वतःच दुरुस्ती करत सुटतो. पुढच्या वेळी त्या एकट्याला तसाच ठेवला. त्याच्या खोलीला दार नाही, तो बाहेर येऊ शकत नाही, बाकीचं यान जळतंय आणि विझवायला कुणी नाही.

ही युक्ती मला एका सीनियरने सांगितली होती. तो म्हणाला, "सगळे मारू नकोस रे, एक ठेव." तिन्ही फेऱ्या त्या एकट्या गड्याच्या जोरावर जिंकलो. तरी त्या खोलीतला तो ठिपका बघवत नव्हता.

काळी चार

मी हार्मोनियम वाजवते, म्हणून संगीताबद्दल लिहिते. बेन प्रंटीने प्रत्येक सेक्टरसाठी चाल केली आहे, ती दोन रूपांत. शांतपणे हिंडताना एक, लढाई लागली की दुसरं, आणि एकातून दुसऱ्यात जाताना सांधा कळत नाही. चाल तीच राहते, खाली ठेका येतो. कानाला आधी कळतं की समोर शत्रू आहे, डोळ्यांना नंतर. हुकूम वगैरे माझ्याकडे सांगण्यासारखा नाही, पण हे कुणीतरी लिहायला हवं होतं.

भरतीओहोटी

मी मर्चंट नेव्हीत सेकंड इंजिनीअर आहे. गाव रत्नागिरीजवळ. हा गेम मी जहाजावरच शिकलो, कारण त्याला इंटरनेट लागत नाही.

एफटीएलमध्ये आग लागली की नवा खेळाडू माणसं पाठवतो. जुना खेळाडू दारं उघडतो. बाहेरचं दार उघडलं की खोलीतली हवा अंतराळात जाते आणि हवेशिवाय आग विझते. आम्ही इंजिन रूममध्ये उलट्या बाजूने तेच करतो. आग हाताबाहेर गेली तर पंखे बंद, डँपर (हवेच्या झडपा) बंद, इंधनाचे व्हॉल्व्ह बंद, आणि मग कार्बन डायऑक्साइड सोडायचा. आगीला हवा मिळू द्यायची नाही. पण त्याच्या आधी एक गोष्ट असते, ती म्हणजे माणसं मोजणं. सगळे वर मस्टरला, म्हणजे जमायच्या ठरलेल्या जागी, आले आहेत हे नक्की झाल्याशिवाय त्या हँडलला कुणी हात लावत नाही. तो वायू खोलीत भरला की आतला माणूस वाचत नाही.

मी गेममध्ये काय केलं ते सांगतो. एंजी या परग्रही जातीचा एक होता, पहिल्या सेक्टरपासून बरोबर. हे लोक दुरुस्तीत दुप्पट वेगवान, लढाईत दुबळे. क्षेपणास्त्र लागलं, ढालीच्या खोलीत आग. मी सवयीने बाहेरची दारं धडाधड उघडली. तो आतच होता, ढाल दुरुस्त करत. त्याला दुसऱ्या खोलीत हलवेपर्यंत पुढचा फटका दारांच्या यंत्रणेला बसला. ती बंद पडली की दारं आपल्या ऐकण्यात राहत नाहीत. ती उघडीच राहिली. त्याच्या डोक्यावरची हिरवी पट्टी लाल झाली आणि संपली. आग विझली होती.

त्यानंतर दोन आठवड्यांनी आमची फायर ड्रिल होती. मस्टरवर मोजणी केली तर एक कमी. पुन्हा मोजली, पुन्हा एक कमी. आमचा वायपर (इंजिन रूममधला मदतनीस) प्युरिफायर रूममध्ये, म्हणजे इंधन शुद्ध करायच्या खोलीत होता, कानांवर इअरमफ, अलार्म त्याला ऐकूच गेला नाही. ड्रिलच होती, कुणाला काही झालं नाही. चीफसाहेबांनी (चीफ इंजिनीअर) त्याला रागावलं नाही. आम्हा सगळ्यांना उभं करून एवढंच विचारलं की खरी आग असती तर तुम्ही किती वेळ थांबला असता. कुणी बोललं नाही. मी त्या एंजीला आठवत होतो. हे मी तिथे कुणाला सांगितलं नाही, इथे पहिल्यांदा लिहितोय.

आता गेममध्ये आग दिसली की स्पेसबार, मग प्रत्येक खोलीवरून नजर, मग दारं.

सरळ हिशेब

इतकं कौतुक चाललंय म्हणून माझं वेगळं मत लिहितो. मला हा गेम अन्यायाचा वाटतो. साठ-सत्तर वेळा खेळलो असेन. पाचव्या सेक्टरपर्यंत एकही धड शस्त्र दुकानात दिसत नाही, जे दिसतं त्याला स्क्रॅप (गेममधले पैसे) पुरत नाही, आणि मग समोर तीन थरांची ढाल घेऊन कुणीतरी उभा. माझ्या लेझरचे दोन गोळे त्या ढालीतच जिरतात. यात माझी चूक काय? बुद्धिबळात हरलो तर कुठे चुकलो ते दाखवता येतं. इथे फासे.

रात्रपाळी

दादा, हा गेम अन्यायाचा आहे असं मीही तीन वर्षं म्हणत होतो. पण यातले मुरलेले खेळाडू सगळ्यात अवघड पातळीवरही ओळीने कितीतरी डाव जिंकतात. नशीबच सगळं असतं तर हे झालं नसतं. मला जो फरक पडला तो एवढाच की मी प्रत्येक सेक्टरमध्ये जास्तीत जास्त थांबे घ्यायला लागलो. ताफा मागे येतोय म्हणून आधी पळत सुटायचो आणि गरीब राहायचो. आणि ढाल फोडायला आयन शस्त्र वापरून बघा, हलला धक्का लागत नाही पण ढालीचा थर काही वेळ बंद पडतो. मग तुमचे दोन गोळे आत जातील.

सरळ हिशेब

आयनचं करून बघतो. पण फासे आहेत हे माझं मत कायम.

शेवंतीची वेणी

माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना आम्ही दोघं मिळून खेळायचो. तो माउस धरायचा, मी इंग्रजी मजकूर वाचून मराठीत सांगायची. मराठीत हा गेम नाही, त्यामुळे अख्खी गोष्ट माझ्या तोंडून त्याला कळायची. यानातल्या माणसांना त्याने घरची नावं दिली होती. माझी आई पायलट होती.

एका थांब्यावर अवकाशकेंद्रावरून मदतीची हाक येते, तिथे महाकाय कोळी घुसलेत. माणसं पाठवायची की निघून जायचं, दोनच पर्याय होते. काही वेळा योग्य माणूस किंवा साधन यानात असलं तर निळ्या अक्षरांत आणखी एक सुरक्षित पर्याय येतो, पण आमच्याकडे निळं काही नव्हतं. मी म्हटलं, जाऊ या पुढे. तो म्हणाला, "आई, ते मदत मागतायत ना?" पाठवली माणसं. आजी परत आली नाही.

तो रडला नाही. मोबाइल मागितला आणि आजीला फोन लावला, सांगलीला. "आजी, तू कोळ्यांशी लढताना गेलीस, पण आम्ही त्यांना वाचवायला गेलो होतो." माझ्या आईला काही कळलं नाही, पण ती म्हणाली, "बरं केलंत हो, हाक मारली तर जावंच." आता तो सोळा वर्षांचा आहे. तो थांबा आला की अजूनही माणसं पाठवतो. मी कितीदा सांगितलं की हिशेबाने तो तोट्याचा सौदा आहे.

नदीपलीकडे

न्यू जर्सीहून लिहितोय. आमचा गेम वेगळा, 'आर्टेमिस', २०१० चा. यात पूर्ण संघ सहा जणांचा आणि कॅप्टन सोडून प्रत्येकाचा संगणक वेगळा. सुकाणू एकाकडे, शस्त्रं दुसऱ्याकडे, मग इंजिनीअरिंग, विज्ञान, संदेशवहन. कॅप्टनकडे मात्र काहीच नसतं. तो भिंतीवरचा मोठा पडदा बघतो आणि बोलतो. त्याच्या हातात फक्त आवाज.

आमच्या बेसमेंटमध्ये मराठी मित्रांची कुटुंबं जमली होती. मी कॅप्टन. मित्राची चौदा वर्षांची मुलगी इंजिनीअरिंगवर. तिथे प्रत्येक यंत्रणेला जादा वीज देता येते, पण ती तापते आणि थंड ठेवायला कूलंटचे आठच भाग असतात. शत्रूची तीन यानं आली. मी ओरडलो, पूर्ण वेग. ती म्हणाली, "काका, कूलंट सगळं बीमवर आहे, इंजिन जळेल." मी म्हटलं, आधी वेग दे. तिने दिला. इंजिन बसलं आणि आम्ही तिघांच्या मधोमध थांबलो.

दुसऱ्या डावात मी तिला विचारून हुकूम देत होतो. जमलेल्यांपैकी एका काकूने विज्ञानाच्या टेबलवरून शत्रूच्या ढालीची कमजोर फ्रीक्वेन्सी शोधून सांगितली, शस्त्रवाल्याने बीम त्यावर लावला, आणि मी मधल्या वेळात गप्प बसलो. कॅप्टनने गप्प बसणं किती अवघड असतं ते मला त्या संध्याकाळी कळलं. माझा सांगण्यासारखा हुकूम हाच, न दिलेला.

जुना खडू

मी अडुसष्ट वर्षांचा आहे. तुमचे हे गेम मी पाहिलेले नाहीत, पण यानाचा कॅप्टन मी तुमच्याआधी झालो. १९७१ साली माइक मेफील्ड नावाच्या मुलाने 'स्टार ट्रेक'वर एक गेम लिहिला होता, त्याच्या पुढच्या आवृत्त्या बेसिकमध्ये छापून यायच्या. ऐंशीच्या दशकात मुंबईत कामाला असताना तो मी रात्री बसून ओळीन् ओळ टाइप केला. चित्र नव्हतंच. आकाशाचे आठ गुणिले आठ चौकोन, प्रत्येक चौकोनात पुन्हा आठ गुणिले आठ, आणि यानं म्हणजे अक्षरं. कोन आकड्यात द्यायचा. टॉर्पेडो डागताना मी कागदावर कोन काढायचो. एकदा चुकीच्या कोनाने माझाच तळ उडवला होता, इंधन भरायची ती एकमेव जागा.

भरतीओहोटी, तुमचं वाचून बराच वेळ शांत बसलो होतो. मला हा एफटीएल खेळायचा आहे. मुलाचा जुना लॅपटॉप आहे, एक जीबी रॅमचा. चालेल का?

रात्रपाळी

चालेल काका, माझाही तसाच होता. सुरुवात सोप्या पातळीवर, केस्ट्रेल घेऊन. अडलं की इथेच लिहा.

भरतीओहोटी

काका, पहिल्या दिवशी फक्त दारं उघडून-बंद करून बघा. लढाई नंतर. मी मंगळवारी जहाजावर जातोय, नेटवर्क मिळेल तेव्हा तुमची खबर घेईन. यानाला नाव काय देणार?

जुना खडू

जो तळ मी उडवला होता, त्याला मी मनातल्या मनात 'दादर' म्हणायचो. तेच देतो.