सगळ्या टेम्प्लेटना लागणारी व्हेरिएबल्स: कॉन्टेक्स्ट प्रोसेसरमध्ये टाकण्यात गैर काय?

निशाचर: साइटचं नाव, मेनू, न वाचलेल्या सूचनांचा आकडा हे दर व्ह्यूमधून (पानाचा डेटा तयार करणाऱ्या फंक्शनमधून) टेम्प्लेटला, म्हणजे पानाच्या साच्याला, पाठवत बसणं म्हणजे निव्वळ हमाली. जँगोत (पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये) कॉन्टेक्स्ट प्रोसेसर, म्हणजे रिक्वेस्ट घेऊन सगळ्या टेम्प्लेटसाठी व्हेरिएबल्सची डिक्शनरी परत करणारं एक फंक्शन लिहा, सेटिंग्जमध्ये नोंदवा, विषय संपला. तरी रिव्ह्यूत ‘ग्लोबल नको’ म्हणत नाक मुरडणारे भेटतातच. का?

खडूस कोडर: मी त्यातलाच. साइटच्या नावाला माझी हरकत नाही. सूचनांचा आकडा मात्र डेटाबेसमधून येतो. प्रोसेसर प्रत्येक रेंडरला (टेम्प्लेटमधून पान तयार होताना) चालणार, म्हणजे जिथे तो आकडा दिसतही नाही तिथेही क्वेरी जाणार. आणि एखाद्या व्ह्यूने ‘मेनू’ याच नावाने स्वतःचं काही पाठवलं, तर रेंडर फंक्शन व्ह्यूचंच धरतं. तुमचा मेनू गायब, एरर शून्य. शोधत बसा.

निशाचर: क्वेरीचा बाऊ कशाला? आकड्याऐवजी लॅम्डा (छोटं निनावी फंक्शन) पाठवा. टेम्प्लेटमध्ये वापरला तरच कॉल होतो.

खडूस कोडर: आणि हेडर-फूटर दोन्हीकडे छापला की दोनदा कॉल होतो! त्यापेक्षा इन्क्लूजन टॅग लिहा, म्हणजे टेम्प्लेटमध्ये नावाने बोलवायचा, स्वतःचा डेटा स्वतः आणणारा तुकडा. टेम्प्लेट वाचणाऱ्याला निदान कळतं की हे कुठून आलं. प्रोसेसरमधलं व्हेरिएबल आभाळातून पडल्यासारखं वाटतं.

मॅक्रोवाली: फ्लास्कमध्ये (पायथनचंच दुसरं वेब फ्रेमवर्क) हा घोळ आणखी वेगळा. कॉन्टेक्स्ट प्रोसेसरमधलं काहीच इम्पोर्ट केलेल्या मॅक्रोला (टेम्प्लेटमधल्या पुन्हा वापरायच्या तुकड्याला) दिसत नाही, ‘विथ कॉन्टेक्स्ट’ लिहावं लागतं. जिंजाच्या (फ्लास्कच्या टेम्प्लेट इंजिनच्या) ग्लोबल्समध्ये टाकलेलं मात्र दिसतं. त्यामुळे स्थिर गोष्टी मी सरळ तिथेच ठेवते. स्ट्रिक्ट-अनडिफाइन्डही (माहीत नसलेल्या नावाला एरर देणारं जिंजाचं सेटिंग) लावून टाका, नाहीतर चुकीच्या नावाच्या जागी नुसती रिकामी जागा छापली जाते.

सर्व्हरसखा: तुम्ही क्वेऱ्या मोजताय, खरा धोका बाजूलाच राहिला. एक्सप्रेसमध्ये (नोड-जेएसचं वेब फ्रेमवर्क) ॲप-लोकल्स अख्ख्या ॲप्लिकेशनभर टिकतं, रेस-लोकल्स फक्त त्या रिक्वेस्टपुरतं. लॉगिन केलेल्याचं नाव चुकून पहिल्यात ठेवलं, की एकाचं नाव दुसऱ्याच्या पानावर. एकट्याने टेस्ट करताना हे दिसतच नाही.

निशाचर: हा मुद्दा मान्य, पण तो एक्सप्रेसचा. जँगोत प्रोसेसरला रिक्वेस्ट हातात मिळते.

खडूस कोडर: मिळते, पण ५०० च्या (सर्व्हर एररच्या) पानाला नाही. ते जँगो मुद्दाम रिकाम्या कॉन्टेक्स्टने रेंडर करतं. तुमचं ५०० चं टेम्प्लेट बेसवरून (सगळ्या पानांच्या सामाईक टेम्प्लेटवरून) एक्स्टेंड केलेलं असेल तर नाव, मेनू सगळं कोरं.

निशाचर: असू दे कोरं. ते एक पान हाताने लिहीन. आकडा टॅगमध्ये नेतो, मेनू मात्र प्रोसेसरमधून हलवणार नाही.