नोकरी सोडून दोन हेक्टर द्राक्षबाग आणि छोटी वायनरी: आधी काय, मग काय?

वेलांटी
आम्ही दोघं नोकरदार. एक स्ट्रक्चरल इंजिनिअर, एक ऑडिटमध्ये. दोन हेक्टर उताराची, चांगल्या निचऱ्याची जमीन हाताशी आहे, डोक्यावर कर्ज नाही. बेत असा: दोघांनीही एकदमच राजीनामा द्यायचा, सगळ्या क्षेत्रात रेड वाईनच्या जाती लावायच्या आणि त्याच वर्षी वायनरीची इमारत उभी करायची. घरचे चार जण राबतील, बाहेरची माणसं फक्त तोडणीला. क्रम बरोबर आहे का? पहिले पैसे कधी दिसतात? आणि नवख्यांचं तळघरात नेमकं कुठे बिनसतं? ‘स्वप्न जगा’ छापाचे प्रतिसाद नकोत, आकडे द्या.

ताळेबंद
क्रम उलटा आहे. बाटली कोण घेणार इथून सुरुवात करा आणि मागे मागे बागेपर्यंत या.

तुमचाच हिशेब मांडतो. अडीच मीटर बाय १.२ मीटरने लावलं तर हेक्टरी ३,३३३ वेली. दर्जा सांभाळून हेक्टरी ६ टन धरा. दोन हेक्टरचे १२ टन, टनाला साधारण ६५० लिटर, म्हणजे ७,८०० लिटर, म्हणजे ७५० मिलीच्या १०,४०० बाटल्या. आठवड्याला २०० बाटल्या, वर्षभर, एकही आठवडा न चुकता. चार जणांच्या घरात हे काम कोणाचं? राबणाऱ्या चौघांत विकणारा कोणी दिसत नाही. वितरक आणि दुकानदार यांचा वाटा गेला की छापील किमतीच्या निम्म्याच्या आसपास हाती उरतं. त्यातून कर, बाटली, बूच, लेबल. म्हणून छोट्या वायनरीचा जीव थेट विक्रीत असतो.

पैशांचं वेळापत्रक: पहिल्या वर्षी लागवड, तिसऱ्या वर्षी अर्धंमुर्धं पीक, ते वर्षभर पिंपात, मग काही महिने बाटलीत. पहिली बिलं पाचव्या वर्षी फाटतात. पुढेही एक हंगाम पिंपात, एक बाटलीत आणि एक विक्रीला असतो, त्यामुळे दोन हंगामांचं भांडवल कायम अडकलेलं. व्यवसाय कागदावर नफ्यात असूनही खात्यात खडखडाट असतो, तो यामुळेच.

म्हणून एकाचाच राजीनामा. लागवड अर्ध्या हेक्टरवर. पहिल्या वर्षी २ टन द्राक्षं विकत घ्या आणि दुसऱ्याच्या परवानाधारक वायनरीत मजुरी देऊन वाईन करून घ्या. त्याच्या साधारण १,७०० बाटल्या होतील. त्या वर्षभरात खपल्या तर इमारतीचा नकाशा काढा, नाही खपल्या तर फार स्वस्तात कळलं म्हणायचं. उत्पादनाचा परवाना हातात येण्याआधी स्वतःच्या जागेत विक्रीसाठी एक घडही फोडू नका.

बाग आणि वायनरी यांची खाती वेगळी ठेवा. बागेने वायनरीला द्राक्षं बाजारभावाने विकली असं दाखवा, नाहीतर तोटा कुठे होतोय ते कधीच कळत नाही. आणि घरच्या प्रत्येकाचा पगार कागदावर, उचलला नाही तरी. हे ऑडिटवाल्याला मी सांगायला नको.

पिंपवाला
तळघराबद्दल. बहुतेक घाण वाईन दोन गोष्टींतून होते: हवा आणि अस्वच्छता. यीस्टच्या जाती, पिंपाचं लाकूड वगैरे चर्चा त्यानंतर.

रेडची टाकी पाऊणच भरा, कारण आंबताना सालींचा थर वर चढतो आणि काठोकाठ भरलेली टाकी जमिनीवर सांडते. यीस्ट १,००० लिटरला २५० ग्रॅम, दहापट पाण्यात, ३५ ते ४० अंशांत, २० मिनिटं. मग थोडा थोडा रस घालत तापमान खाली आणा. टाकीतल्या रसाशी १० अंशांपेक्षा जास्त फरक असताना ओतलं तर निम्मं यीस्ट तिथेच मरतं आणि आंबवण शेवटच्या दोन ब्रिक्सवर (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) अडकतं. सालींचा थर दिवसातून दोन-तीनदा खाली दाबायचा. तापमान २५ ते ३०. पस्तिशीकडे सरकलं की थंड करा, वाट बघू नका.

सडक्या अंड्याचा वास आला तर यीस्टला नायट्रोजन कमी पडतोय असं आधी समजा. आधीच मोजून ठेवा. १५० ते २५० मिलिग्रॅम प्रति लिटर असावा. डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट, यीस्टला नायट्रोजन देणारं खत) लिटरला १ ग्रॅम घातलं तर साधारण २१० मिलिग्रॅम वाढतो, यावरून मात्रा काढा. एकदम सगळं ओतू नका आणि साखर दोन-तृतीयांश उतरल्यावर तर घालूच नका, यीस्ट तेव्हा ते घेत नाही.

वाईन टिकवायला घालतात त्या सल्फरची मात्रा पीएच बघून (आकडा जितका मोठा तितका आंबटपणा कमी), सवयीने नाही. मोकळा सल्फर डायऑक्साइड पीएच ३.२ ला लिटरमागे २० मिलिग्रॅम पुरतो, ३.५ ला ४० लागतो, ३.८ ला ८० च्या घरात. म्हणून उशिरा तोडलेली, गोड पण आंबटपणा उतरलेली द्राक्षं तळघरात डोकेदुखी होतात. लिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या हिशेबाने १,००० लिटरला पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (हा सल्फर देणारी पूड) ८७ ग्रॅम लागतं, पण ताज्या पाकिटातलं. गेल्या हंगामातली उघडी पिशवी फेकून द्या. मॅलोलॅक्टिक (जिवाणूंनी मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करणं) व्हायचं असेल तर ते पूर्ण होईपर्यंत पुन्हा सल्फर नको, आणि पूर्ण झालं हे चवीवर नाही, तपासणीवर ठरवा.

धुण्याला क्लोरीन किंवा ब्लीच अजिबात नाही. लाकूड, बूच आणि बुरशीशी संबंध आला की ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल तयार होतं, आणि त्याचा ओल्या पुठ्ठ्यासारखा वास लिटरला काही नॅनोग्रॅमलाही येतो. सोडियम परकार्बोनेट, मग सायट्रिक अ‍ॅसिडचं पाणी, मग साधं पाणी. इंजिनिअरसाठी: जमिनीला दोन टक्के उतार आणि सांडपाण्याची वेगळी टाकी. लिटरभर वाईनमागे ३ ते ५ लिटर पाणी जातं, ते आंबट-गोड असतं, ओढ्यात सोडता येत नाही.

शेंडेखुडी
बागेकडे कोणी वळतच नाहीये.

कलमांची मागणी वर्षभर आधी नोंदवा. खुंट, म्हणजे कलमाचा खालचा मुळांचा भाग, जमिनीवर ठरतो: मीटरभर खोल खड्डे घेऊन चुना, क्षार आणि सूत्रकृमी तपासा. कोरड्या जमिनीत ११० रिश्टर किंवा १४० रग्गेरी चालतात, पाणी धरणाऱ्या जमिनीत नाही. कलमाशिवाय स्वमुळावर लावायचा मोह फिलॉक्सेराच्या (मुळांवर जगणारी बारीक कीड) भागात परवडत नाही.

चार घरचे पुरतील? वेलीला दोन मिनिटं धरली तरी ६,६६६ वेलींची नुसती छाटणी २२० तास. त्यावर ओलांड्यावर (वेलीचा आडवा हात) काड्या बांधणं, वांझ फुटी काढणं, घडाभोवतीची पानं विरळ करणं. यातली फुटी-पानांची कामं थोड्याच आठवड्यांत एकदम मागे लागतात, आणि नेमकी तेव्हाच फवारणी असते. भुरी आणि केवडा हे दोन बुरशीजन्य रोग. भुरीसाठी फुलोऱ्याच्या जरा आधीपासून मणी धरल्यावर चार आठवड्यांपर्यंतचा काळ हुकला तर नंतर कितीही फवारा. केवड्यासाठी नवी फूट १० सेंटिमीटर लांब, पाऊस १० मिलिमीटर, तापमान १० अंशांच्या वर, असं तिन्ही जुळलं की सावध व्हा. गंधक तोडणीआधी पाच-सहा आठवडे थांबवा. पिंपवाल्यांनी सांगितलेला अंड्याचा वास तिथूनही येतो.

तोडणीचा नमुना घेताना हात आपोआप मोठ्या, पिकल्या घडाकडे जातो आणि ब्रिक्स दीड-दोनने फुगतो. ओळीच्या दोन्ही बाजूंचे, सावलीतले, घडाच्या टोकाचे असे २०० मणी घ्या आणि सगळे एकत्र चिरडा.

वेलांटी
एकाने नोकरी चालू ठेवायची, एवढं ठरलं. सुरुवातीला पिंपं घ्यावीत की तरंगत्या झाकणाची स्टीलची टाकी?

पिंपवाला
टाकी. पण झाकणाच्या कडेची हवेची रबरी नळी दर आठवड्याला दाबमापकावर बघा. ती हळूहळू सैलावते, बाहेरून कळत नाही, आणि कडेला पांढरा तवंग दिसतो तोवर व्हिनेगरचा वास लागलेला असतो. २२५ लिटरचं पिंप वर्षाला दोन ते पाच टक्के उडवतं. ते दर दोन-तीन आठवड्यांनी भरायला तीच वाईन ५० आणि २० लिटरच्या छोट्या डब्यांत काठोकाठ भरून राखून ठेवावी लागते, हे नवखे विसरतात.

आणि एक, वर राहिलं. १,००० लिटर रस आंबताना ५०,००० लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि तो जमिनीलगत साठतो. पंखा खाली बसवा, मापक गुडघ्याच्या उंचीवर. चोथा काढायला टाकीत एकट्याने उतरायचं नाही, आणि आत कोणी कोसळला तर त्याच्यामागे उडी मारायची नाही. आधी हवा सोडायची. घरच्या चौघांनाही हे तोडणीच्या आधी सांगून ठेवा.