झापण्याबद्दल थोडं

'चूक झाली की तिथेच झापायचं, नाहीतर टीम डोक्यावर बसते' असं काही जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. लगेच सांगावं, पण चारचौघांत नको. २०२० ची ऑस्ट्रेलियाविरुद्धची मेलबर्न कसोटी आठवा. आधीच्या ॲडलेड कसोटीत आपण ३६ धावांत गाशा गुंडाळलेला, नेहमीचा कप्तान कोहली घरी परतलेला, म्हणून कप्तानी रहाणेकडे. रहाणे ११२ वर असताना जडेजा आपल्या पन्नासाव्या धावेसाठी पळाला आणि कप्तानच धावबाद! (मी टीव्हीसमोर काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.) रहाणेने मात्र जाता जाता जडेजाला थोपटलं. सामना आपण ८ गडी राखून जिंकला.

हे जमायला स्वतःला वळण लावावं लागतं. मी कारखान्यात दहा-बारा जणांची शिफ्ट सांभाळतो. पूर्वी मशीनपाशीच सुरू व्हायचो. एकदा एका पोराचं सेटिंग चुकलं, माल भंगारात जात राहिला आणि त्याने दोन तास कुणाला सांगितलंच नाही. का, तर "साहेब, तुम्ही ओरडाल म्हणून." तेव्हापासून आधी मशीन थांबवायला लावतो आणि बाकीचं कँटीनमध्ये, चहावर, दोघांतच. तरी महिन्यातून एकदा तोंड सुटतंच.