यखन्याचं नाव वगळू नका

बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात येशूची वंशावळ आहे. तिच्यातली दाऊद-शलमोन या राजांनंतरची नावं 'नुसती भरताड' आहेत, असं एक मत आहे; ते पटलं नाही. एकटा यहूदा राज्याचा राजा यखन्या, म्हणजेच यहोयाखीन, घ्या. अठराव्या वर्षी गादीवर बसला, जेमतेम तीन महिने टिकला आणि इ.स.पू. 597 मध्ये कैद होऊन बाबेलला (बॅबिलोनला) गेला. पराक्रम शून्य! पण बाबेलच्या उत्खननात सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर शिध्याचा हिशेब आहे, आणि त्यात यहूदाच्या या राजाला व त्याच्या पाच मुलांना मिळालेल्या तेलाची नोंद आहे. कारकुनाने सहज केलेली.

खरी मेख पुढे आहे. यिर्मया संदेष्टा (22:24) म्हणतो, यखन्या देवाच्या उजव्या हातातली मुद्रा, म्हणजे शिक्क्याची अंगठी, असता, तरी उपटून फेकला असता. याच्या वंशातला कुणी दाऊदाच्या गादीवर बसणार नाही. आणि याच्याच नातवाला, जरुब्बाबेलला, हाग्गय संदेष्टा (2:23) सांगतो की देव तुला मुद्रेसारखा करील! मत्तय दोघांनाही यादीत ठेवतो. त्याने योरामानंतरचे तीन राजे सरळ गाळलेत, म्हणजे नको ते नाव काढायला तो कचरत नव्हता. यखन्याला मात्र त्याने ठेवलं, तेही यादीचे चौदा-चौदा पिढ्यांचे जे गट त्याने केलेत, त्यांच्या सांध्यावर.