मदत हवी आहे: फिमोरल हर्नियात (जांघेखाली, मांडीच्या वरच्या टोकाशी उतरणारा हर्निया) सुजलेलं अपेंडिक्स, त्याच्या बुडापर्यंत (जिथे ते मोठ्या आतड्याला जोडलेलं असतं) कुठून पोचावं?

गडचिरोलीकडचं ग्रामीण रुग्णालय. बाई साठीच्या, थेट रोवणीवरून आल्या. उजव्या जांघेत ४ दिवसांपासून लिंबाएवढी गाठ, प्युबिक ट्युबर्कलच्या (जांघेच्या आतल्या टोकाचा हाडाचा उंचवटा) खाली आणि बाहेरच्या अंगाला. आत जात नाही, वरची कातडी लाल, हात लावू देत नाहीत. पण उलटी नाही, पोट मऊ, शौचास साफ, एक्स-रेत फ्लुइड लेव्हल (आतडं अडकल्याची खूण) नाहीत. आतडं अडकल्यासारखं वाटेना म्हणून सोनोग्राफी केली: गाठीत ८ मिमी जाडीची, एका टोकाला बंद, प्रोबने न दबणारी नळी, म्हणजे सुजलेलं अपेंडिक्स. पांढऱ्या पेशी १४,८००. सीटी ९० किमीवर.

गाठ मुद्दाम आत ढकललेली नाही. पू पोटात गेला तर वेगळंच संकट. सेफ्ट्रियाक्सोन, मेट्रोनिडाझोल ही प्रतिजैविकं आणि सलाइन चालू. मधुमेह नाही, रक्त पातळ करायची गोळी नाही. उद्या सकाळी स्पायनलखाली (कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करून) ऑपरेशनला घेतोय. दुर्बीण नाही. जाळी टाकणार नाही, टाक्यांनीच दुरुस्ती, हे पक्कं.

अडलंय एवढंच: जांघेखालून हर्नियाची पिशवी उघडल्यावर त्या अरुंद तोंडातून बूड बाहेर आलं नाही, तर लॅक्युनर लिगामेंट (त्या तोंडाच्या आतल्या कडेचा घट्ट पट्टा) कापून तोंड मोठं करावं (तिथे ऑब्च्युरेटरची आडवाटेची धमनी असू शकते, रक्तस्राव आवरणं कठीण), की वर उजवीकडे वेगळी चीर घेऊन बूड पोटातूनच बांधावं?